कडेची निळी रेघ

तुम्ही तो दगड पाहिलाच नाही.

कार्डावर तुमचा शिक्का आहे, खाली सही आहे, कोपऱ्यात दगडाचा नखाएवढा फोटो आहे आणि वर चकचकीत प्लास्टिक आहे. 'नैसर्गिक नीलम. रंग नैसर्गिक. कोणतीही प्रक्रिया आढळली नाही.' आढळली नाही म्हणे! शोधली असती तर आढळली असती. वाटीत तेल घ्यायचं, त्यात दगड सोडायचा, खालून उजेड द्यायचा आणि भिंगातून बघायचं. दोन मिनिटं. तेवढ्यात चहाला उकळीसुद्धा येत नाही. ती दोन मिनिटं तुम्ही खर्च केली नाहीत आणि केल्याची सही मात्र ठोकलीत. त्या सहीमुळे आज एक बाई माझ्याकडे बघते आणि समोरचा माणूस खरा की चोर, हे तिला ठरवता येत नाही.

तुमच्या दगड तपासणी केंद्राचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. काचेची खिडकी, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि आत खुर्चीवर 'उद्या या' म्हणायला बसवलेला माणूस. एवढी ओळख पुरे.

मी दगडांना पैलू पाडतो. एकतीस वर्षं झाली. शाळा सातवीत सुटली, त्यानंतर जे शिकलो ते चाकावर. दगड लाखेनं काडीला चिकटवायचा, फिरत्या चाकावर हिऱ्याची पूड आणि तेल टाकायचं, आणि एकेक बाजू टेकवत जायची. जास्त टेकवली तर दगड गेला, कमी टेकवली तर चमक गेली. हे मला कुणी शिकवलं नाही. बिघडवत बिघडवत शिकलो. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिथेच राहतो. खिडकी उत्तरेला. दगड बघायला उत्तरेचा उजेड चांगला, माणसाला राहायला नाही. थंडीत भिंत ओली होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्या खोलीत खुर्ची एकच होती, आणि दुसरी हवी असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मग डोळे गेले. गेले म्हणजे जवळचं अंधुक झालं. पैलूची धार दोन-दोन दिसायला लागली. मालक म्हणाले, "चष्मा कर, नाहीतर घरी बस." मी चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथे डोळे तपासायला बाई होत्या. माझ्या आधी चार जण होते, तेवढ्या वेळात मी भिंतीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत पाठ केली. मला भीती होती ती नोकरीची, डोळ्यांची नव्हे. माझी पाळी आल्यावर मी धडाधड म्हणून दाखवलं.

बाईंनी पाटी फिरवली. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती.

"आता म्हणा," त्या म्हणाल्या.

मला पहिलंच अक्षर लागलं नाही.

"पाठांतर छान आहे हो तुमचं. परीक्षेला बसला असतात तर पहिले आला असतात."

"सातवीत सोडली शाळा."

"दिसतंय. कॉपी करताना पकडलं असेल."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. हसताना माझा आवाज कसा लागतो ते मी विसरलो होतो. चष्मा घ्यायला गेलो, मग काडी सैल झाली म्हणून गेलो, मग काडी सैल नव्हती तरी गेलो. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "कारागीर, एवढं घट्ट करत राहिले तर कान तुटतील तुमचे. काय बोलायचं ते बोला एकदाचं."

तर असं आमचं लग्न ठरलं. ती एकेचाळीस वर्षांची. आई अंथरुणाला खिळलेली होती म्हणून लग्नाचं राहून गेलं, आणि आई गेल्यावर कुणी विषय काढला नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि ती असं घर. भाऊ औषधांची गाडी चालवतो. पहिल्याच भेटीत त्यानं मला 'दाजी' म्हणायला सुरुवात केली. "दाजी, एक सांगतो, आमची ताई सगळ्यांचे नंबर काढते. तुमचाही काढेल." भावजय तोंडाला पदर लावून हसली. मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची विकत घेतली.

आता दगडाकडे येतो.

लग्न ठरल्याची अंगठी मीच करणार होतो. बाकी सगळं जग हिरा घेतं. ती म्हणाली, "हिरा नको. दिवसभर दुकानात काच बघते, आणखी एक चमचमतं काय करू? रंग असलेलं काहीतरी." मी म्हणालो, नीलम. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, रोज घातला तरी झिजत नाही. दगडांचा एक व्यापारी आमच्याकडे येतो, कागदी पुड्यांत दगड घेऊन फिरतो म्हणून आम्ही त्याला पुडीवाला म्हणतो. त्याला सांगितलं, तीन दगड आण. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला ती कारखान्यात आली. दुकानातल्या दिव्याखाली दगड बघायचा नसतो, तिथे कोळसाही निळा दिसतो. खिडकीशी पांढरा कागद पसरला आणि तिन्ही दगड मांडले.

"पहिला?" मी विचारलं.

"शाईची दौत. उजेड आत गेला की बाहेरच येत नाही."

"बरोबर. दुसरा?"

तिनं छापील कागदावर दगड ठेवला, मी तिला तसं शिकवलं होतं. "मधून अक्षरं वाचता येतात. म्हणजे उथळ कापलाय. धुऊन धुऊन विटलेला शर्ट."

"तिसरा?"

तिनं स्वतःचं भिंग काढलं, चष्म्याच्या काचा तपासायचं. बराच वेळ बघत राहिली. दगड फिरवला, वाकडा धरला, पाठीमागून बघितला. "हा," ती म्हणाली. "हा कसाही धरला तरी सारखा निळा आहे. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही."

सगळीकडे सारखा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जमिनीतला दगड एवढा शहाणा नसतो. त्यात रंगाचे पट्टे असतात, एखादा कोपरा भरलेला, एखादा रिकामा. सवयीनं मी तो पाण्याच्या वाटीत सोडला. पैलूंच्या कडा किंचित गडद वाटल्या, कुणी बारीक पेन्सिलीनं गिरवल्यासारख्या. किंचित. पाण्यात नीट कळत नाही, तेल लागतं. तेलाची बाटली हाताशी होती. मी हात पुढे केला.

तेवढ्यात पुडीवाल्यानं खिशातून तुमचं कार्ड काढलं.

"काय राव, पाण्यात बुडवताय? बाळ आंघोळीला घातल्यासारखं! हे बघा, तपासून आलाय. शिक्का बघा, सही बघा."

ती कार्ड वाचायला लागली. मोठ्यानं. वजन एक पूर्णांक ब्याऐंशी कॅरट. माप इतकं बाय इतकं. आत बारीक सुया, म्हणजे दगडातल्या जन्मजात रेषा, तीन, एका कोपऱ्याला. रंग नैसर्गिक. तिचा चेहरा उजळला. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांचे आकडे कार्डावर लिहिते आणि त्या आकड्यांवरून काचा बनतात. तिचं जगच कार्डावर चालतं. "किती छान लिहिलंय," ती म्हणाली. "काही विचारायला जागाच ठेवली नाही."

मी हात मागे घेतला.

हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण नाही सांगितलं तर उद्या तुम्ही मला त्यावरून पकडाल. मला शंका आली होती आणि मी गप्प बसलो. का बसलो? कारण मी सातवी नापास माणूस. समोर छापील कागद आणि त्यावर मोठ्या जागेची सही. एकतीस वर्षं दगड बघून तयार झालेला डोळा एका बाजूला आणि तुमचं प्लास्टिक दुसऱ्या बाजूला. मी प्लास्टिकला मान दिला. आम्ही लोक हेच करतो, आणि आम्ही हेच करणार हे तुम्हाला चांगलं ठाऊक असतं. त्यावरच तुमची खिडकी चालते.

अंगठी झाली. साधी पट्टी, दगड धरायला चार नखं, मध्ये दगड. तिच्या बोटात घातली तेव्हा मी तिला अंगठीची निगा सांगितली. ती वहीत लिहून घेत होती.

"कोमट पाणी, साबणाचा फेस, मऊ ब्रश. दगडाच्या पाठीमागून घासायचं, मळ तिथे साचतो."

"दात घासायचा चालेल?"

"जुना नको. नवा, मऊ."

"अंगठीला नवा ब्रश आणि मला जुना. चांगलंय."

"भांडी घासताना काढायची. कणीक मळताना काढायची. कपाटात दुसऱ्या दागिन्यांबरोबर ठेवायची नाही, हा सगळ्यांना ओरखडे काढतो. महिन्यातून एकदा कानाशी धरून हलवायची. टिकटिक ऐकू आली तर नख सैल झालंय, लगेच माझ्याकडे आणायची."

"आणि आमच्या दुकानात ते चष्मे धुवायचं थरथरणारं भांडं आहे, त्यात टाकली तर?"

"अजिबात नाही."

"कारागीर, तुम्ही अंगठी देताय की सासू?"

ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अंगठी कानाशी धरून हलवायची आणि मला फोन करायची. "गप्प आहे," एवढंच सांगायची. मी "बरं" म्हणायचो. दुसरं काही बोलणं नसायचं त्या फोनवर. पण महिनाभर मी त्या एका शब्दावर काढायचो.

एक गोष्ट मी सांगितली नाही. तिच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचं यंत्र आहे. चौकटीच्या आकाराप्रमाणे चष्म्याची काच त्यात कापली जाते. ते यंत्र मी तीन-चारदा पाहिलं होतं, कौतुकही केलं होतं. त्याच्या चाकात हिऱ्याची पूड असते, माझ्या चाकात असते तीच. नीलमाला ओरखडा काढणारी वस्तू सगळ्या गावात दोनच ठिकाणी होती. एक माझ्याकडे आणि एक तिच्याकडे. आणि मी तिला कणकेपासून सावध करत बसलो होतो.

ते यंत्र चालवणारा दुकानातला मुलगा सुट्टीवर होता म्हणून एक दिवस तिनं स्वतः यंत्र चालवलं. काच काढताना हात चाकाला लागला. बोटाला काही झालं नाही, दगडाला झालं. वरच्या एका पैलूवर तांदळाच्या कणीएवढा पांढरट ओरखडा.

ती रडवेली होऊन आली. "मी नीट सांभाळली हो. सगळं वहीतल्यासारखं केलं."

आणि मी काय म्हणालो? मी छाती फुगवून म्हणालो, "एवढंच ना? द्या इकडे. संध्याकाळपर्यंत होता तसा करून देतो. तुमचा नवरा होणारा माणूस काय भाजी विकतो?"

ती हसली. अंगठी काढून माझ्या हातात दिली. तिच्या बोटावर अंगठीचा फिकट पट्टा उमटला होता. ती हसली ते शेवटचं.

रविवार होता, कारखान्यात मी एकटा. नखं उघडून दगड काढला, लाखेनं काडीला लावला, चाक सुरू केलं. ओरखडा निघायला पाच मिनिटं लागली. भिंगातून पाहिलं. ओरखड्याच्या जागी निळं काही नव्हतंच. चहाच्या कपाच्या कानाइतका पांढरा, स्वच्छ, रिकामा पैलू. रंग दगडात नव्हता, दगडावर होता. कांद्याच्या पापुद्र्याइतका. भट्टीत तापवून वरून मुरवलेला.

तिथे थांबलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. एक पैलू पांढरा आणि बाकी सगळे निळे, असा दगड घेऊन गेलो असतो तर आंधळ्यालाही कळलं असतं की हे रंगवलेलं आहे. पण पैलू पाडणाऱ्याचा हात एका पैलूवर थांबत नाही. एक बाजू वेगळी दिसली की दुसरी तिच्या बरोबरीला आणायची, हेच एकतीस वर्षं केलं. मला वाटलं, शेजारचा पैलू थोडा घेऊ, रंग आत कुठेतरी असेल, खाली लागेल. शेजारचाही पांढरा. मग त्याच्या शेजारचा. मग वरची सगळी बाजू. आता वर पांढरं आणि खाली निळं, चितकबरं दिसायला लागलं. मग दगड उलटा केला. मी घासत होतो आणि एका बाजूनं मला कळत होतं की मी माझाच पुरावा घासून टाकतोय. हात थांबत नव्हता. दुपार संपली तेव्हा माझ्यासमोर एक उत्तम कापलेला दगड होता. इतका सुंदर मी आजवर एकही कापला नव्हता. फक्त तो पाण्यासारखा होता. नीट पाहिलं तर आत कुठेतरी निळ्याची आठवण, एवढंच.

संध्याकाळी कबूल केल्याप्रमाणे तिच्या घरी गेलो. भाऊ होता, भावजय होती, ती होती. मी रुमाल उघडला.

भावजय पुढे वाकली. मग भाऊ म्हणाला, "हे काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. भट्टी, पापुद्रा, चाक. सांगताना मलाच ऐकू येत होतं की ते किती खोटं वाटतंय.

"म्हणजे निळा घेऊन गेलात आणि पांढरा घेऊन आलात," भाऊ म्हणाला. "आणि आम्ही म्हणायचं, वा!"

"दगड तोच आहे."

"ओ कारागीर." दाजी गेलं, कारागीर आलं. "मी औषधांच्या पेट्या पोचवतो. पेटीवर जे लिहिलंय ते आत नसलं तर मला कुणी असं सांगू देत नाही की औषधानं वाटेत रंग बदलला."

ती उठली, कपाटातून तुमचं कार्ड आणलं, दिव्याखाली धरलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"रंग नैसर्गिक," ती वाचत होती. "प्रक्रिया आढळली नाही. वजन एक ब्याऐंशी." मग विचारलं, "आता किती भरतो?"

"एक छप्पन्न."

"म्हणजे कार्ड खरं असेल तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. कार्ड खरं असेल तर मी चोर. मी खरा असेन तर कार्ड खोटं. मध्ये काही जागाच नाही. तुम्ही ठेवली नाहीत.

मी पुडीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "मी काय तपासणारा आहे? मी कार्ड बघून घेतो, कार्ड बघून देतो," आणि हात झटकून मोकळा झाला. मग तुमच्याकडे आलो. एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा तुमच्या माणसानं दगड वजनकाट्यावर टाकला आणि काचेच्या भोकातून परत सरकवला. "वजन जुळत नाही. हा आमच्या कार्डातला दगड नाही."

"साहेब, घासल्यावर वजन कमी होणारच."

"मग आम्ही तपासलेला दगड राहिलाच नाही ना. जो तपासला तो आता अस्तित्वात नाही."

काय बुद्धी आहे! मी घासला म्हणून दगड गेला, आणि दगड गेला म्हणून तुमची चूकही गेली.

दुसऱ्यांदा मी म्हणालो, "आतल्या सुया बघा. कार्डात लिहिलंय, तीन सुया, एका कोपऱ्याला. त्या मी घासल्या नाहीत, त्या आत आहेत. फोटोशी जुळवा."

"सुया कुठल्याही नीलमात असतात."

"तीनच? तशाच? त्याच कोपऱ्यात?"

"लेखी अर्ज द्या."

अर्ज दिला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज सापडत नव्हता. दुसरा दिला. रांगेत माझ्या मागे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "कशाला त्रास करून घेता भाऊ, इथे असंच आहे." तिच्या हातातही एक कार्ड होतं.

घरी येऊन मी दगड तेलाच्या वाटीत सोडला. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. खालून दिवा धरला. आणि मला ती दिसली. दगडाच्या कमरेला, जिथे वरचे पैलू संपतात आणि खालचे सुरू होतात, तिथे एक बारीक पट्टा असतो. तेवढाच मी घासला नव्हता, कारण तो घासला तर दगड कोंदणात बसत नाही. त्या पट्ट्यावर निळी रेघ होती. गर्द निळी, केसाएवढी, दगडाला गोल वेढा घालून. आत सगळं रिकामं आणि कडेला तेवढा रंग. ज्याला दगड कळतो त्याला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही.

मी वाटी, दिवा, तेल सगळं पिशवीत घालून तिच्या दुकानात गेलो. जेवणाच्या सुट्टीत. तिनं नाही म्हटलं नाही. मागच्या खोलीत, त्या यंत्राशेजारी, तिनं भिंग डोळ्याला लावलं. मी दिवा धरून उभा राहिलो. उजेड हलत होता. तिनं माझं मनगट धरून स्थिर केलं. महिनाभरात तिनं मला पहिल्यांदा हात लावला होता, आणि तोही दिव्यासाठी.

"दिसतेय," ती म्हणाली. "निळी रेघ."

मला वाटलं, सुटलो.

"पण मला ती दिसतेय म्हणून दिसतेय की तुम्ही सांगितलंत म्हणून, हे मला कळत नाही. रेघ आहे. ती असली म्हणजे काय, हे मला तुम्हीच सांगताय. तुमच्याशिवाय कुणीतरी सांगायला हवं."

"मी तुमच्याशी खोटं बोलेन?"

तिनं भिंग खाली ठेवलं. मग मी ते केलं जे कुणीही शहाण्या माणसानं केलं नसतं. मी तिला पाण्याच्या वाटीचं सांगितलं. पहिल्या दिवशीच्या. गडद वाटलेल्या कडांचं, तेलाच्या बाटलीकडे गेलेल्या आणि मागे घेतलेल्या हाताचं. मला वाटलं, एवढं स्वतःविरुद्ध सांगणारा माणूस खोटा कसा असेल, हे तिला कळेल.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

"शंका होती."

"आणि बोलला नाहीत."

"कार्ड होतं."

"कार्ड होतं," ती म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात म्हणाली. मग भिंगाची काच पुसली, नसलेली धूळ पुसली, पुन्हा पुसली. "मी आठ महिने रोज रात्री अंगठी काढून वेगळ्या कापडात ठेवत होते. वहीतलं एक अक्षर चुकवलं नाही. तुम्ही मला सगळं सांगितलंत, फक्त हे सोडून."

बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक हाक मारत होतं.

"मी दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतलीय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेला जाणार. भाऊ म्हणतो, विषय संपव. मी अजून संपवला नाही. त्या लोकांनी लिहून दिलं की दगड तोच आहे आणि चूक त्यांची, तर तुम्ही गप्प बसलात एवढाच तुमचा गुन्हा. तेवढ्याचं काय करायचं ते माझं मी बघेन, तेवढं मला जमेल. पण दोन्ही गोष्टी मला एकटीनं ठरवायला लावू नका."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर मला कधीच कळणार नाही," ती म्हणाली आणि बाहेर गेली. "हां, बोला, कुठला नंबर?" असं गिऱ्हाईकाला म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

पहिली तारीख येऊन गेली. फोन आला नाही. येणार नव्हताच. कानाशी धरून हलवायला त्यात आहे काय आता? तरी मी फोन समोर ठेवून दुसऱ्या खुर्चीकडे तोंड करून बसलो होतो, उजेड जाईपर्यंत. मालक म्हणाले, "कुठे लक्ष आहे तुझं? तीन दगड वाकडे कापलेस." कापले. आता प्रत्येक दगड चाकाला टेकवताना मला वाटतं, याखाली काय निघेल.

तर ऐका. मला भरपाई नको. तुमची माफीही नको, ती तुम्ही छापील देता. तुमचा धंदा बंद पाडायला मी निघालेलो नाही, माझ्यानं ते होणारही नाही. दगड मी टपालानं पाठवणार नाही, कारण तुमच्याकडे अर्ज हरवतो तिथे दगड किती टिकेल ते मला कळतं. मी स्वतः घेऊन येईन. वाटी माझी, तेल माझं, दिवा माझा. तुमच्या सही करणाऱ्या माणसानं फक्त खिडकीच्या या बाजूला यायचं, वाकून बघायचं आणि एका कागदावर स्वतःच्या हातानं लिहायचं. सुया त्याच आहेत की नाहीत. कडेला रंग आहे की नाही. आणि कार्ड लिहिलं त्या दिवशी त्यानं हा दगड तेलात घालून पाहिला होता की नव्हता.

तेरा तारखेला अकरा दिवस आहेत. उद्या सकाळी तुमचं दार उघडेल तेव्हा मी दारात उभा असेन. पाहिला होता का? हो की नाही, तेवढं सांगा.